गादीला ऊन

"अहो, ती बदकं उचला आधी. मला पाठ टेकायची आहे."

"बदकं नाहीत ती. टॉवेल आहेत."

"टॉवेलची का होईनात, बदकंच ना? चोचीला चोच लावून बसलीत मेली, ऐन पलंगाच्या मधोमध."

काकांनी एक बदक मानेला धरून उचललं. मान सुटली, पंख सुटले आणि हातात साधा पांढरा टॉवेल लोंबत राहिला.

"थांबा, दुसरं मोडू नका. इकडं द्या," काकू म्हणाली. तिनं ते बदक मांडीवर घेतलं आणि एकेक घडी सावकाश उलगडली. मान कुठून वळवलीय, पंख कशातून काढलाय, शेपूट कशाखाली खोचलंय, सगळं नीट बघून घेतलं. मग पुन्हा तसंच करायला गेली, पण बोटांनी घडी धरली नाही. जे तयार झालं त्याला बदक म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

"बेडूक झाला," काका म्हणाले.

"होऊ दे. पाणी आहेच की समोर," खिडकीतून दिसणाऱ्या पोहण्याच्या तलावाकडे हनुवटी उडवत काकू म्हणाली, आणि बेडूक बाजूला सारून आडवी झाली.

ही खोली मुळात त्यांची नव्हतीच. लेकीनं आणि जावयानं लग्नानंतरच्या सहलीसाठी ती घेऊन ठेवली होती, आणि ऐन वेळी जावयाच्या साहेबानं रजा नाकारली. खोली परत घ्यायला रिसॉर्टवाले तयार नव्हते. मग लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघं जा. डॉक्टरांनी तुला ऊन सांगितलंच आहे." नावं बदलली, पण बाकी कुणी काही बदललं नाही. त्यामुळे दारात पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीनं आधी कागद बघितला, मग या दोघांना बघितलं, मग पुन्हा कागद बघितला आणि घसा साफ करून विचारलं, "नवीन लग्न झालेलं जोडपं... आपणच का?"

"आम्हीच," काका म्हणाले. "मधे थोडी वर्षं गेली, एवढंच."

रिसॉर्ट वाळवंटाच्या कडेला होतं. बैठ्या पांढऱ्या खोल्यांची गोल रांग, मधे निळा तलाव, आणि कुंपणापलीकडे आभाळाला टेकेपर्यंत नुसती वाळू. थंडीच्या गावांतून माणसं इथं ऊन खायला यायची. लांब खुर्च्यांवर पालथी पडायची, पाठीला तेल चोपडून घ्यायची आणि एक बाजू तापली की कूस बदलायची. काकू पहिल्या दिवशी बराच वेळ हे बघत उभी राहिली.

"आपण गाद्या वाळवतो तशीच की हो ही माणसं," ती म्हणाली. "एक बाजू झाली की उलटायची."

"आपल्या गाद्यांना तेल लागत नाही."

"आणि आपल्या गाद्या एवढं बोलत नाहीत."

गाद्यांचा विषय या दोघांच्या तोंडी सारखा येणारच, कारण दोघांचा सगळा जन्म त्यातच गेलेला. गावात त्यांचं गादीचं दुकान. पुढं विक्री, मागं कापूस पिंजायचं यंत्र. काका कापूस पिंजत, खोळीत भरत, काठीनं झोडपून सारखा करत. त्यापुढचं काम काकूचं. गादी अंथरायची, वर बसायचं आणि हातभर लांब सुईनं आरपार टाके घालायचे. शेवटी चारी काठांना कापूस दाबून, खोळीसकट वळून जाड गोट शिवायचा. गादी महिनाभरात वेडीवाकडी होणार की वर्षानुवर्षं ताठ राहणार, हे त्या गोटावर ठरतं. आजूबाजूला सगळे तिला टाकेकाकू म्हणत. तिची स्वतःची पुतणीसुद्धा एकदा बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना 'टाकेकाकूंचं दुकान' म्हणाली होती, आणि काकांनी दोन दिवस तोंड फुगवलं होतं.

माहेरी मात्र तिचं नाव वेगळंच होतं. तिथं तिला उसवी म्हणत. घरात कुठली वस्तू बंद दिसली की हिला आत काय आहे ते बघायचं असे. वडिलांच्या कोटाचा खांदा ताठ का राहतो ते बघायला तिनं कोट अस्तरापासून सोडवला होता. गजराच्या घड्याळाचं पोट उघडलं होतं. उशीत म्हणे पाखरांची पिसं असतात, म्हणून पाहुण्यांची उशी उसवली आणि दिवसभर घरात पिसं उडत होती. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "हिला शिवणाऱ्याच्याच घरी द्या. ही उसवेल आणि ते शिवतील."

दिली शिवणाऱ्याच्याच घरी, पण सासू हुशार निघाली. तिनं पहिल्याच महिन्यात सुई सुनेच्याच हातात दिली. "टाका म्हणजे काय गं?" सासूनं विचारलं होतं. सून म्हणाली, "गाठ." सासू म्हणाली, "छट्. टाका म्हणजे कापसाला दिलेली ताकीद. इथं बस, शेजारी सरकू नकोस." तेव्हापासून काकूनं किती कापसाला ताकीद दिली असेल त्याचा हिशोब नाही. जुन्या गाद्या दुरुस्तीला यायच्या तेव्हा त्या उसवायचं कामही तीच करायची. दुसऱ्यांच्या गाद्यांत तिला जुन्या चिल्लर नाण्यांपासून कुणाच्या तरी खोट्या दातांपर्यंत सगळं सापडलं होतं. उसवायची हौस अशी धंद्यातच मुरली.

मग गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत बोटं आखडायला लागली. त्यांचं गाव म्हणजे हिवाळ्यात ओल्या फडक्यासारखं. धुकं उठत नाही, कापूस दमट होतो, भिंतीला हात लावला तर भिंतच थंडीनं कुडकुडतेय असं वाटतं. आधी नुसतं सकाळी दुखायचं. नंतर सुई पडायला लागली. आत ढकलायला काही अडचण नव्हती. तळव्यानं रेटली की सुई जायची. अडायचं ते पलीकडून बाहेर ओढताना. तिथं अंगठा आणि शेजारचं बोट यांची घट्ट चिमूट लागते, आणि ती चिमूटच बसेना. सुईचं टोक डोळ्यांसमोर, आणि बोटं त्यावरून घसरताहेत.

डॉक्टर म्हणाले, "हे काम आता बंद करा. आणि कोरड्या उन्हात चार दिवस राहून आलात तर बरं वाटेल." आता 'बरं वाटेल' आणि 'बरं होईल' यांत जेवढं अंतर आहे तेवढं घरात बाकी कुणी ऐकलंच नाही. लेकीनं 'होईल' ऐकलं. काकांनीही तेच ऐकलं. काकूनं दोन्ही ऐकलं आणि गप्प बसली.

तेवढ्यात तयार गाद्यांच्या कंपनीचा एक माणूस दुकानात येऊन गेला. शिवायला नको, पिंजायला नको, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी यायची आणि तशीच विकायची. काकूनं गल्ल्यावर बसायचं. काकांना पटायला लागलं होतं. बायकोचे हात त्यांनाही दिसत होतेच.

"आत काय असतं त्या गादीत?" काकूनं त्या माणसाला विचारलं होतं.

"सगळं चांगलंच असतं," तो म्हणाला होता.

"आत काय आहे ते माहीत नसलेली गादी मी माझ्या दुकानातून विकणार?" तो गेल्यावर काकू म्हणाली.

"मग सुई धरता येतीय का ते सांग," काका म्हणाले. हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला लागलं. ठरलं असं, की उन्हातून परत आल्यावर त्या माणसाला हो किंवा नाही सांगायचं.

म्हणून बाकीच्या बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात तशी काकूनं आपली लांब सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ पर्समध्ये ठेवलं होतं. खोलीच्या मागं छोटी फरशी होती, पुढं वाळू. तिथं खुर्ची टाकून ती दुपारभर हात उन्हात धरून बसायची. तळहात वर, मग तळहात खाली. ऊन असं कोरडं, की घाम यायच्या आधीच वाळायचा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बोटं आवळली आणि ती आवळली गेली.

"अहो! मूठ वळली!"

काका चप्पल न घालताच धावत आले. फरशी तापलेली, त्यामुळे नाचतच आले. "सुई घे. सुई घेऊन बघ."

तिनं सुई घेतली. चिमूट धरली, ओढून बघितलं. सुई सटकली आणि फरशीवर टण्णकन पडली. पुन्हा घेतली. पुन्हा पडली.

"मूठ तर वळतीय," काका म्हणाले.

"नुसत्या मुठीला काय करू? कुणाला मारायचंय का मला?"

काका आत गेले आणि पलंगावर बसले. बसले आणि परत उठले. परत बसले.

"काय चाललंय?" काकूनं बाहेरून विचारलं.

"ही गादी बघ. तीच आहे की नाही? त्या माणसाच्या कंपनीची?"

काकू आत आली. खरंच, कोपऱ्यावर तीच निळी चिठ्ठी होती. मग दोघंही त्या गादीमागं लागले. काकांनी कान लावला, ठोकून बघितलं, वास घेतला. काकूनं काठावर बसून बघितलं, मधोमध बसून बघितलं. ती एका बाजूला धाडकन पडली तरी दुसऱ्या बाजूचे काका हलले नाहीत.

"नुसता स्पंज आहे," काका म्हणाले.

"स्पंज असता तर ढुंगणाला असा उलट रेटा दिला नसता. स्प्रिंग आहेत."

"स्प्रिंगचा पलंग आपल्या आत्याकडं होता. कूस बदलली की सगळी गल्ली जागी व्हायची. ही वाजतीय का?"

वाजत नव्हती, हे खरं. तिथंच गोम होती. स्प्रिंग आहे तर वाजत का नाही, आणि वाजत नाही तर रेटते कशी? काकू हाताची घडी घालून गादीकडे बघत राहिली. माहेरचं कुणी तिथं असतं तर त्यानं तिचं ते तोंड ओळखलं असतं आणि घरातल्या कात्र्या लपवल्या असत्या.

"तुमच्या दाढीचं पातं द्या," ती म्हणाली.

"अगं वेडी का खुळी तू? परक्याची गादी आहे."

"फाडतेय का मी? उसवतेय. उसवलेलं शिवता येतं."

काकांनी पातं दिलं, कारण त्यांनाही बघायचं होतंच. गादी पायथ्याकडून उचलून त्यांनी भिंतीला तिरकी केली. काकूनं खालच्या कोपऱ्याजवळ काठाची पट्टी चाचपली. मशीनची शिवण होती. शिवण कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते तिच्या अंगठ्याला लगेच कळलं. शेवटच्या गाठीखाली पात्याचं टोक घातलं, एक झटका दिला आणि दोरा सर्रकन सुटत गेला. उसवायला चिमूट लागत नाही. वीतभर, मग दोन वीत. कोपरा जीभ बाहेर काढावी तसा उघडला.

वर स्पंजाचा पातळ थर निघाला.

"बघ!" काका म्हणाले.

स्पंजाखाली चिंध्या दाबून केलेलं करडं, जाड कापड. त्याच्याखाली काकूनं कोपरापर्यंत हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"अहो, पिशव्या आहेत."

"कसल्या पिशव्या?"

"हात घाला."

काकांनी हात घातला. आत रांगेनं उभ्या असलेल्या लहान लहान गोल पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एकेक स्प्रिंग. प्रत्येकीला आपापलं झबलं. एक दाबली तर तेवढीच खाली जायची, शेजारणीला पत्ताही लागायचा नाही. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं, मग वाजणार काय? दोघं पोरांसारखी एकेक पिशवी दाबत बसली. ही दाब, ती दाब.

"शेजारी असावा तर असा," काका म्हणाले. "आपल्या गल्लीत ही पिशवी पद्धत पाहिजे होती."

"पण या शिवल्यात कशा?" काकूनं पडदा सारून उजेड घेतला, डोळे बारीक केले, बोट फिरवलं. टाका कुठंच नव्हता. कापड कापडाला गरम करून चिकटवलेलं, स्पंज डिंकासारख्या कशानं तरी डकवलेला. सबंध पोटात सुई अशी गेलेलीच नव्हती. फक्त बाहेरच्या काठाला एक शिवण, आणि तीही आता सुटलेली.

"मग ही जुनी झाली की दुरुस्त कशी करायची?"

"करतच नसतील. टाकून देत असतील."

"म्हणजे पिंजायलाही येणार नाही कुणाकडं."

"नाहीच."

काकूनं आणखी एक पिशवी दाबून बघितली. वाईट गादी नव्हती ती. झोप तर झकास लागत होती, आणि हे काकूनं मोठ्यानं कबूलही केलं. मग ती म्हणाली, "चला, मिटवून टाकू," आणि पर्समधून सुई काढली. दोरा काकांनी ओवून दिला. तिनं पट्टीची कड जुळवली, तळव्यानं सुई रेटली, टोक पलीकडं निघालं, तिनं दोन बोटं पुढं नेली आणि तिथं थांबली.

इतक्या वर्षांत तिनं हजारदा उसवलं होतं आणि मनात कधी शंका आली नव्हती, कारण पुढचा टाका तिच्याच हातात असायचा. उसवणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं हात आपोआप करतात, असा तिचा हिशोब. हात आता ते करत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण कुतूहल चढलं तेव्हा आठवलं नव्हतं.

"आता गं?" काका म्हणाले.

"आता तुम्ही शिवा."

"मी?"

"नाही, तो बेडूक."

काकांनी सुई घेतली. जन्मभर त्यांनी कापूस पिंजला, पण टाका कधी घातला नव्हता. पहिला टाका त्यांनी गादीत घातला आणि तो स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीतून बाहेर काढला. तो सोडवेपर्यंत दारावर टकटक झाली.

"चादर बदलायची आहे," बाहेरून आवाज आला. खोल्या आवरणारी बाई होती.

"नको!" काका ओरडले. बाहीनं गादीला बांधलेले असल्यामुळे त्यांना उठताही येईना. "नको, नको. नंतर या!"

"टॉवेल तरी देऊ?"

"काही नको! आम्ही... आम्ही आहोत आत!"

बाहेरची पावलं हलेनात. मग काकूनं दाराच्या फटीतून हात घालून 'त्रास देऊ नये'ची पाटी बाहेरच्या हँडलला अडकवली. ऊन डोक्यावर आलेलं, जोडपं लेकीचं लग्न करून मोकळं झालेलं आणि दारावर ती पाटी. बाई ढकलगाडी घेऊन पुढं गेली आणि तिकडून दोघी-तिघींचं फिसफिसून हसणं ऐकू आलं. "काही म्हण, जोरात आहेत हं," असंही कुणीतरी म्हणालं.

काका कानापर्यंत लाल झाले. काकूला मात्र हसू आवरेना. हसता हसता ती म्हणाली, "बाही सोडवा आणि ही गादी मागं उन्हात घ्या. सावलीत माझी मूठसुद्धा वळत नाही."

गादी ओढून मागच्या फरशीवर आणताना दोघांची हाडं खिळखिळी झाली. एक टोक दारात अडकलं, एक कुंडी आडवी झाली. काकूनं उन्हात बसकण मारली, हात तापवून घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. सुई आत जायची. बाहेर यायची नाही. दातांनी ओढून बघितली, तर दातच हलला. पदरात धरून ओढली, तर पदराला भोक पडलं. काका शेजारी उकिडवे बसून, जोर आपणच लावतोय असं तोंड वाकडं करत होते.

"आपण सांगून टाकू ऑफिसात," ते म्हणाले.

"काय सांगणार? आत बघायचं होतं म्हणून फोडली?"

"मग असंच उन्हात बसायचंय का?"

कुंपणाच्या कडेनं नळवाला आला. बागेच्या नळाशी वाकून त्यानं पिशवी खाली ठेवली आणि मान वळवली, तर खोलीतली गादी बाहेर आणि दोन पाहुणे तिच्यावर ओणवे.

"काय झालं हो, काका?"

काका उठून उभे राहताहेत तोवर काकू म्हणाली, "काही नाही बाबा. गादीला ऊन दाखवतोय."

नळवाल्यानं समजून मान हलवली. "दाखवावंच. आमची आईसुद्धा दाखवायची." मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. "ऊन दाखवायला सुई लागते?"

"तू तुझा नळ बघ की."

तो हसून नळाकडे वळला. नळाच्या पोटात कसलीशी गंजकी कडी अडकली होती. त्यानं पक्कड काढली, कडीचं टोक पकडीत धरलं, मूठ आवळली आणि सरळ ओढलं. कडी निघाली.

काकू ते बघत होती. त्याची बोटं काहीच करत नव्हती. चिमूट पकडीनं धरली होती, आणि त्यानं फक्त मूठ आवळली होती.

"ए, ती दे बरं जरा."

"काय? पक्कड? अहो मावशी, ग्रीस लागलंय. हात काळे होतील."

"गादी काळी नाही झाली म्हणजे झालं. दे."

तिनं सुईचं टोक पकडीत धरलं आणि ओढलं. तिरकं ओढल्यामुळे सुई वाकली. काका हळहळले. तिनं गुडघ्यावर दाबून सुई सरळ केली आणि पुन्हा धरली. या वेळी नळवाल्यानं ओढलं तसं, सरळ रेषेत, खांद्यातून. दोरा कापडातून खर्रर्र करत आला आणि टाका बसला. वाकडा, पण घट्ट.

"बसला," ती म्हणाली. तो टाका तिनं अंगठ्यानं दोनदा चाचपला.

मग पुढचा. ढकल, पक्कड उचल, धर, ओढ, पक्कड ठेव. पूर्वी एका दमात जे व्हायचं त्याचे आता तुकडे पडले होते. कामाची लय गेली होती. अर्ध्या वाटेत घाम आला, एकदा पक्कड सटकून बोटाला चिमटा बसला, आणि तोंडातून जे शब्द गेले ते नळवाल्यानंही कौतुकानं ऐकले. पण कोपरा मिटला. पांढऱ्याशुभ्र गादीच्या काठाला लाल दोऱ्याची जाडजूड रांग उभी राहिली.

"दुसरा रंग नव्हता?" नळवाल्यानं पक्कड पुसत विचारलं.

"असता तर तुझ्या परवानगीसाठी थांबले असते का?"

दुसऱ्या दिवशी खोल्या आवरणारी बाई आली तेव्हा पाटी काढलेली होती. तिनं चादर ओढली, पायथ्याकडचा कोपरा उचलला आणि तो लाल काठ बघून तशीच थांबली. काका खिडकीतून वाळू बघायला लागले. काकू मात्र सरळ पुढं झाली. "मी उसवली होती. मीच शिवलीय. ऑफिसात सांगायचं तर सांग."

बाईनं शिवणीवरून बोट फिरवलं. दाराकडे एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून विचारलं, "आत काय आहे हो?"

"तुला माहीत नाही?"

"रोज एवढ्या गाद्यांवर चादरी घालते. आत कोण बघायला देतंय?"

काकूनं तिला पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पिशव्यांचं, झबल्यांचं, शेजारणीला पत्ता न लागण्याचं. बाई ऐकता ऐकता बूड हलवून बघत होती. "तरीच वाजत नाही," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, आत पाणी असेल." मग तिनं आणि काकांनी मिळून गादी फिरवली, लाल काठ भिंतीकडे गेला आणि वर चादर पडली. जाताना बाईनं विचारलं, "मग काल ती पाटी... यासाठी होती?"

"मग कशासाठी?" काकू म्हणाली.

बाईचा चेहरा पडला. "मी सगळ्यांना भलतंच सांगून ठेवलंय हो."

"राहू दे तसंच," काका खिडकीतूनच म्हणाले.

घरी परतल्यावर गावानं दोनच दिवसांत उन्हाचा सगळा गुण काढून घेतला. धुकं तसंच, भिंती तशाच, आणि सकाळी बोटं पुन्हा लाकडासारखी. लेकीचा फोन आला. "आई, उन्हानं फरक पडला ना?"

"तिथं पडला होता," काकू म्हणाली. "इथं आणता येत नाही तो." मग फोन ठेवून तिनं काकांना लोखंडी सामानाच्या दुकानात पिटाळलं. पहिली पक्कड फार जड निघाली, दुसरीचे दात बोथट. तिसरी तिनं स्वतः जाऊन दाबून बघून आणली, आणि तिच्या दांड्यांना जुन्या खोळीचं कापड गुंडाळलं, म्हणजे थंडीत लोखंड हाताला चावायला नको. सकाळी गरम पाण्यात हात धरले की मूठ कशीबशी वळायची, आणि मुठीपुरतं काम आता तिच्याकडं होतं.

तयार गादीवाला माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला नाही म्हटलं नाही. पूर्वीएवढ्या गाद्या आता मागून निघणार नव्हत्या, हे डोळ्यांना दिसत होतं, आणि दुकान चालायचं तर पुढं काहीतरी उभं पाहिजे होतं. दोन गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दारापाशी उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकानं विचारलं की काकू आतलं सगळं सांगायची, दुरुस्त होत नाही हेसुद्धा सांगायची. काका खोकायचे. तरी एक विकली गेली.

पण कापसाच्या गादीची मागणी काही सुटली नाही. आज एका वसतिगृहाची गादी मागच्या खोलीत अंथरलेली होती. काकू तिच्यावर बसली, मांडी घातली, सुई रेटली, पक्कड लावून ओढली. कोपरा वळला. काकांनी यंत्र थांबवून गोट बोटानं दाबून बघितला.

"जरा ढिला वाटतोय."

"वाटणारच. एक हात पकडीला, दुसरा सुईला, दाबायला तिसरा कुठून आणू? तोंडानं काय सांगताय, बसा इथं आणि दाबून धरा."

काका कुरकुरत खाली बसले. दोन्ही तळवे काठावर ठेवून त्यांनी जोर दिला.

"असं?"

"आणखी. कापूस आहे तो, रडत नाही. हं. आता तसंच धरा."

सुई आत गेली. पकडीनं टोक धरलं, दोरा खर्रर्र करत आला आणि काकांच्या हाताखालचा काठ घट्ट झाला.

"सरका पुढं," काकू म्हणाली.